संडे स्कूलला पहिल्यांदाच शिकवताय? बायबलची गोष्ट, क्राफ्ट आणि प्रार्थना कशी बसवायची

उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारातच गाठतात आणि म्हणतात, पुढच्या रविवारपासून लहान मुलांचा वर्ग तुम्ही बघा. आपण हो म्हणून मोकळं होतो आणि मग शनिवारी रात्री दहाला मोबाईलवर क्राफ्टचे व्हिडिओ शोधत बसतो, त्यात दाखवलेलं अर्धं सामान आपल्या गावात मिळत नाही आणि मिळालं तरी वीस मुलांना परवडत नाही. माझंही असंच झालं होतं. आता कोल्हापुरात संडे स्कूल घेऊन मला अकरा वर्षं झाली, चार ते बारा वयाची मुलं, एकच हॉल, एकच मोठी सतरंजी. नवीन टीचरना दरवेळी तेच तेच फोनवर सांगत असते म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

पहिल्या वर्षी मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली होती. घरी बसून थर्माकोलची बावीस मेंढरं कापून नेली, मुलांनी फक्त डोळे चिकटवायचे. सात मिनिटांत काम संपलं आणि उरलेला अर्धा तास नुसता दंगा. पुढच्या आठवड्यात एका मुलीच्या आईनं सांगितलं, घरी विचारलं काय शिकलीस तर म्हणाली "मेंढी". मेंढपाळ नाही, हरवणं नाही, शोधणं नाही, नुसती मेंढी. त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून ठेवली आहे, गोष्टीतला जो क्षण मुलाच्या मनात राहायला हवा तोच त्याच्या हातानं करवून घ्यायचा. खाली जे काही लिहिलंय ते सगळं ह्यावरच उभं आहे.

१. आधी गोष्ट बायबलमधूनच वाचा

आपल्याला गोष्टी पाठ असतात असं आपल्याला वाटतं, पण त्या बऱ्याचदा चित्रांतून आणि नाताळच्या नाटकांतून पाठ झालेल्या असतात. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी लोक तीन होते असं मत्तयात कुठंही लिहिलेलं नाही, भेटी तीन होत्या, सोनं, ऊद आणि गंधरस. योनाला गिळलं ते मोठ्या माशानं, देवमासा म्हणून आपण चित्र काढतो. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असंही नाही. आणि नोहाच्या तारवात सगळ्या प्राण्यांची एकेकच जोडी म्हणून आपण सांगतो, पण उत्पत्ति ७:२ उघडून बघा, शुद्ध पशूंच्या सात सात जोड्या घ्यायला सांगितलंय. दहा वर्षांचा पोरगा घरी जाऊन आजोबांबरोबर वाचतो आणि पुढच्या रविवारी बरोबर तेच विचारतो.

वाचताना अवघड शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. तारू, लव्हाळे, गव्हाण, गंधरस, जकातदार. साध्या माणसाला कळावं म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, १९२२ साली त्या गेल्या तोवर हे काम चालू होतं. आपल्याला निदान पाच शब्द तरी सोपे करून सांगता यायला हवेत. एक मात्र आहे, आपल्याकडच्या मुलांना गव्हाण सांगावी लागत नाही. करवीर, कागल, पन्हाळ्याकडून येणाऱ्या मुलांच्या गोठ्यातच ती असते, आणि बाळ येशूला जिथं ठेवलं ती जागा कशी असते, वास कसा येतो, हे तेच तुम्हाला सांगतील. त्यांना सांगू द्या.

२. क्राफ्ट निवडण्याआधी एक क्षण निवडा

कागद घ्या आणि एका ओळीत लिहा, "ह्या गोष्टीत मुलानं काय करायचं?" मेंढराच्या गोष्टीत लूक १५:५ मध्ये मेंढपाळ सापडलेलं मेंढरू आनंदानं खांद्यावर घेतो. झालं, खांदा हाच आपला क्षण. आता मी मेंढपाळ करायला लावते, पुठ्ठ्याचा माणूस, अंगावर जुन्या घोंगडीचा तुकडा, आणि कापसाचं मेंढरू वेगळं. ते मेंढरू मी हॉलमध्ये कुठंतरी लपवते, मुलानं शोधायचं आणि मग सेफ्टी पिन नाहीतर बटणानं मेंढपाळाच्या खांद्यावर बसवायचं (चार-पाच वर्षांच्यांना पिन देऊ नका, बटणाचं काज करून द्या). आपल्याकडं शेतात खतासाठी मेंढरं बसवतात ते बऱ्याच मुलांनी बघितलेलं असतं, एका मुलानं सांगितलं होतं की लंगडं कोकरू धनगरमामा खरंच खांद्यावर टाकून नेतात. तो ते सांगत होता तेव्हा त्याचा हात आपोआप मानेमागं गेला होता. त्या दिवशी मला वेगळं काही समजावावं लागलं नाही.

३. सामान जमवा

कायमच्या पेटीत एवढं ठेवा:
- बोथट टोकाच्या कात्र्या, चार मुलांत एक ह्या हिशेबानं
- फेविकॉलचा मोठा डबा आणि वाटून द्यायला बाटल्यांची टोपणं
- तेलखडू, स्केचपेन, पेन्सिली
- जुन्या लग्नपत्रिका (ह्यांच्यासारखा कार्डपेपर विकत घेऊन मिळत नाही), बुटांच्या खोक्यांचे पुठ्ठे, जुनी वर्तमानपत्रं
- कापूस, लोकरीचे तुकडे, बटणं, नारळाच्या करवंट्या
- हात पुसायला ओली फडकी, दोन बादल्या

गोंद कमी पडला तर मैद्याची खळ शिजवा, पण बाइंडिंगवाले किडे लागू नयेत म्हणून घालतात तसं मोरचूद अजिबात घालू नका, ते विष आहे आणि लहान पोरं बोटं चाटतात. झटपट चिकटणारा गोंद पेटीत ठेवूच नका.

शाडू किंवा चिकणमाती हवी असेल तर बापट कॅम्पला नाहीतर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत विचारा. गणपतीच्या आधी दोन महिने त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, त्या दिवसांत जाऊन त्रास देऊ नका.

आणि पावसाचं ध्यानात ठेवा. मिठाची कणीक म्हणजे दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसं साधारण वाटीभर पाणी, हे क्राफ्टला फार छान, भाकरी-मासे सुंदर होतात. पण मी एकदा जुलैमध्ये पाच भाकरी आणि दोन मासे करवले आणि डब्यात ठेवले, पुढच्या रविवारी उघडलं तर मीठ ओलं होऊन सगळ्याचा लगदा आणि वर काळी बुरशी. मुलांची तोंडं अशी पडली की मला बघवेना. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट तर भिंतींना पण घाम फोडतो. म्हणून कणकेचं काम नोव्हेंबर ते मे, पावसाळ्यात कागद, कापड, लोकर. पीठ वापरताना पोरकिडे झालेलं, खायला टाकून दिलेलं पीठच घ्या, चांगलं पीठ खेळायला वापरलेलं घरच्यांना आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे.

४. घरी एकदा स्वतः करून बघा, घड्याळ लावून

तुम्हाला दहा मिनिटं लागली तर मुलांना पंचवीस लागतील. नमुना दाखवा आणि लगेच पिशवीत ठेवा, समोर राहिला की प्रत्येकजण तसाच करायला बघतो आणि जमलं नाही की रडतो. सगळ्यात मोठी चूक म्हणजे "दे इकडं, मी करून देते". एकदा का टीचरनं हातात घेतलं की ते क्राफ्ट टीचरचं झालं. वाकडं राहू दे, नोहाला तीन हात आले तरी येऊ देत.

माझ्या पाऊण तासाचा हिशेब असा असतो, गाणं पाच मिनिटं, गोष्ट दहा, क्राफ्ट वीस, प्रार्थना सात-आठ, राहिलेला वेळ हात धुण्यात जातो. गोष्ट दहाच्या पुढं न्यायची नाही, आपल्याला कितीही सुचत असलं तरी.

५. चार गोष्टी, ज्या आपल्याकडं हमखास जमतात

*गल्याथाची उंची.* दावीदाशी लढायला उभा राहिलेला हा योद्धा, १ शमुवेल १७:४ मध्ये त्याची उंची सहा हात एक वीत दिलीय. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट, म्हणजे गल्याथ जवळजवळ पावणेदहा फूट. वर्तमानपत्रं जोडून तेवढी पट्टी करायची आणि भिंतीवर लावायची, मुलांनी आपल्या हातानंच मोजायची. मग प्रत्येकानं पट्टीशेजारी उभं राहून आपली उंची खुणेनं दाखवायची आणि नाव लिहायचं. तालमीत जाणारी पोरं असतात आपल्याकडं, त्यांचं "टीचर, ह्याला कुठला डाव लावायचा?" सुरू होतं, तेवढं होऊ द्या, कारण त्याच वेळी दावीदानं ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे घेतले हे सांगायचं असतं. गोटे मुलांनीच आणायचे आणि एकेका गोट्यावर आपल्याला कशाची भीती वाटते ते लिहायचं. अंधार, गणिताचे सर, आईचं ऑपरेशन. हे गोटे पुढं प्रार्थनेत लागतात.

*पेरणाऱ्याचा दाखला.* मत्तय १३. चार करवंट्या घ्या. एकीत पायानं तुडवून घट्ट केलेली माती, दुसरीत खडे आणि वर बोटभर माती, तिसरीत हराळीच्या मुळ्यांसकट माती, चौथीत चांगली काळी माती आणि शेणखत. चारीत मोहरी टाका. एका शेतकऱ्याच्या मुलानं मला विचारलं होतं, "टीचर, रस्त्यावर कोण बी टाकतंय व्हय? कुरीनं पेरत्यात की." त्याला सांगितलं की त्या काळी मूठ भरून फोकून पेरायचे, मग त्यानंच उठून सगळ्यांना फोकून दाखवलं, भाताचा तरवा टाकताना त्याचे आजोबा तसंच करतात म्हणे. खडकाळ करवंटीत बी आधी उगवलेलं दिसेल आणि मुलं खूश होतील, पण आठवड्याभरात तेच मान टाकतं. तोपर्यंत काही बोलू नका. तीन रविवार करवंट्या खिडकीत ठेवा आणि मुलांनाच बघू दे.

*यरीहोचा तट.* दिवाळीत किल्ला करणारी पोरं आहेत आपली, त्यांना तट, बुरूज, दरवाजा शिकवायला लागत नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी उरलेली माती आणायला सांगा. इस्राएली हेरांना लपवणाऱ्या राहाबेचं घर तटावरच होतं, तिच्या खिडकीला लाल दोरी बांधायला विसरू नका. मग तटाभोवती सहा फेऱ्या अगदी गप्प राहून आणि सातवीला आरोळी. यहोशवाच्या ६:१० मध्ये गप्प राहायचा हुकूमच आहे, त्यामुळं सहा फेऱ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. ह्या गोष्टीचा शेवट लहानांसाठी जड आहे, शहरात काय झालं ते. मी लहानांना राहाब आणि तिचं घर वाचलं इथंच थांबते आणि मोठ्या मुलांनी विचारलं तर त्यांच्याबरोबर वेगळी बसते.

*नोहाचं तारू.* ह्यावर जरा जास्त लिहिते, कारण कोल्हापुरात ही गोष्ट बाकीच्या गावांसारखी सांगता येत नाही.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे इथं शाळेतल्या पोरांना पण पाठ असतं. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर पहिल्यांदा मी नोहा घेतला, नेहमीसारखा, हत्ती-जिराफ-इंद्रधनुष्य. मुलं चिकटवत होती आणि आठ वर्षांच्या एका मुलीनं मान वर न करता, हातातला कागद कापता कापताच विचारलं, "टीचर, आमच्या घरात पण पाणी आलं हुतं. मग आम्ही वाईट हुतो का?"

तिची वह्या-पुस्तकं, गादी, शिलाई मशीन सगळं गेलं होतं. मी तिला जवळ घेतलं, पण उत्तर माझ्याकडं नव्हतं. घरी जाऊन शोधलं. लूक १३:४ मध्ये येशू शिलोहातला बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दल बोलतो आणि विचारतो, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का? आणि स्वतःच म्हणतो, नाही. पुढच्या रविवारी मी सगळ्यांसमोर तेच वाचलं आणि तिच्याकडं बघून म्हटलं, नाही बाळा, तुम्ही वाईट नव्हता. आता नोहा घ्यायच्या आधीच मी हे सांगते. तुम्हीही सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका, कारण बरीच मुलं विचारतच नाहीत, मनात ठेवतात.

क्राफ्टही बदललं. तारवाची मापं उत्पत्ति ६:१५ मध्ये आहेत, ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच, म्हणजे लांबी साडेचारशे फूट. ४५ फुटांची दोरी घेऊन आम्ही रंकाळ्याच्या काठानं दहा वेळा मापून चाललो, एवढं मोठं तारू, सगळे आत मावले, हे मुलांना पायानं कळलं. मग पुठ्ठ्याचं तारू करायचं, बाजूला एकच दार आणि वर खिडक्या, आणि खिडक्यांत प्राण्यांबरोबर आपल्याला पुरात ज्यांनी मदत केली त्यांची चित्रं काढायची. बोटीतले जवान आले, शाळेत जेवण देणाऱ्या मावशी आल्या, गच्चीवर राहू देणारे शेजारचे काका आले, एकानं तर आपल्या कुत्र्याला पोहत बाहेर काढणाऱ्या दादाचं चित्र काढलं. इंद्रधनुष्य शेवटी, उत्पत्ति ९ वाचून झाल्यावर.

ज्या मुलाला ही गोष्ट नकोच असेल त्याला बसवून ठेवू नका. त्याला पाणी वाटायचं, कागद गोळा करायचं काम द्या.

६. प्रार्थना हातातल्या वस्तूपासून सुरू करा

"चला, डोळे मिटा, हात जोडा" म्हटलं की मुलं मोठ्यांची पाठ केलेली वाक्यं म्हणतात. हातात काहीतरी असलं की ती स्वतःचं बोलतात.

पाच बोटांची प्रार्थना सगळ्यात सोपी, नवीन टीचरनं इथूनच सुरुवात करावी. कागदावर पंजा ठेवून पेन्सिल फिरवायची. अंगठा आपल्याला सगळ्यात जवळ, म्हणून घरच्यांसाठी. तर्जनी वाट दाखवते, म्हणून शिक्षक, डॉक्टर, पाळक. मधलं बोट उंच, म्हणून गाव आणि देश चालवणाऱ्यांसाठी. अनामिकेत जोर कमी, म्हणून आजारी आणि एकट्या माणसांसाठी. करंगळी शेवटी, ती स्वतःसाठी. एका मुलानं अनामिकेवर लिहिलं होतं "आमची म्हस गाभण हाय". सगळ्या वर्गानं त्या म्हशीसाठी प्रार्थना केली आणि दोन आठवड्यांनी तो रेडकू झाल्याचं सांगायला धावत आला, येताना खरवस घेऊन.

दावीदाचे गोटे आठवतात ना, ते आता काढा. पाण्याची परात मध्ये ठेवायची, एकेकानं येऊन आपला गोटा सोडायचा, मोठ्यानं बोलायची सक्ती नाही. पाण्यात शाई विरघळताना मुलं वाकून बघत राहतात, तेवढा वेळ कुणीच काही बोलू नये, टीचरनं तर नाहीच. ह्यासाठी गोट्यांवर साध्या शाईच्या स्केचपेननंच लिहायला लावा, मार्कर पुसला जात नाही.

आणि "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" ही ओळ शिकवायची असेल तर हॉलमध्ये गॅस लावून खरी भाकरी करा. मंडळीतल्या एखाद्या मावशींना बोलवा, त्या आनंदानं येतात. मुलांनी पिठाला हात लावायचा, थापून बघायची, तव्यापासून मात्र लांब. गरम भाकरीचा तुकडा हातात घेऊन प्रत्येकानं एक नाव सांगायचं, ही भाकरी माझ्यापर्यंत कुणी आणली. ज्वारी पेरणारा, काढणारा, पोती उचलणारा हमाल, गिरणीवाले काका, आई. एवढ्या सगळ्यांचे आभार मानून मग खायची. प्रभूची प्रार्थना मुलं तशीही पाठ म्हणतात, पण ह्या रविवारनंतर त्या ओळीला त्यांचा आवाज बदलतो, मी ऐकलंय.

आता सापळा. चिठ्ठ्यांवर प्रार्थना लिहून डब्यात टाकणं छान आहे, पण त्या चिठ्ठ्या वाचून दाखवू नका. आमच्याकडं एकदा मदतीला आलेल्या एका ताईंनी चांगल्या मनानं एक चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "बाबांनी दारू सोडू दे". अक्षरावरून सगळ्यांनी ओळखलं. ती मुलगी दोन महिने आली नाही. तेव्हापासून चिठ्ठी घडी घालूनच टाकायची, उघडायची ती फक्त त्या मुलानं सांगितलं तरच. पण मुलाला कुणी मारतंय, त्रास देतंय असं कळलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. पाळकसाहेबांना किंवा वर्गाच्या जबाबदार माणसाला लगेच सांगा, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

लाजऱ्या मुलाला सगळ्यांसमोर प्रार्थना करायला उभं करू नका. त्यानं गोटा सोडला, ती त्याची प्रार्थना झाली.

७. कागदपत्रं, हो, ह्यालाही लागतात

एक वही करा. मुलाचं नाव, वय, पालकांचा फोन, कशाची ऍलर्जी आहे का (शेंगदाणा आणि दूध मुद्दाम विचारा), घरी न्यायला कोण येणार. पालकांची सही असलेला संमतीचा कागद, आणि फोटो काढायला वेगळी परवानगी. फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय सगळ्यांना आहे, पण न विचारता टाकू नका.

मे महिन्याच्या व्हीबीएसला (सुट्टीतल्या बायबल शाळेला) आणि नाताळात शेजारपाजारची, दुसऱ्या धर्मातली मुलंही मैत्रिणींबरोबर येतात. त्यांच्या आईवडिलांना आधी भेटून इथं बायबलच्या गोष्टी असतात, प्रार्थना असते हे स्पष्ट सांगा आणि ते हो म्हणाले तरच घ्या. प्रार्थनेच्या वेळी त्या मुलांना नुसतं शांत बसायची मोकळीक द्या. माझ्या अनुभवात मोकळेपणानं सांगितलं की लोक नीट समजून घेतात.

वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत. दुसरं कुणी आलं नाही तर त्या दिवशी वर्ग उपासनेच्या हॉलमध्येच मागच्या बाजूला घ्या, दार उघडं ठेवून.

८. घरी काय जाणार ते ठरवा

क्राफ्ट घरी गेलं की आजी विचारते, हे काय गं? तिथं गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली जाते, म्हणून मागच्या बाजूला एका ओळीत सुवर्णवचन (त्या दिवशी पाठ करायचं बायबलचं वचन) आणि बायबलमधला संदर्भ लिहून द्या, मोठ्या अक्षरात, आजींना वाचता येईल असा. न वाळलेलं क्राफ्ट पिशवीत कोंबून पाठवू नका. करवंट्या तेवढ्या तीन रविवार आपल्याकडंच ठेवा, पाणी घालायची पाळी मुलांत लावून द्या, आणि शनिवारी संध्याकाळी एकदा स्वतः जाऊन बघा, मुलं पाणी जास्त घालतात.